टाकेबाईंची गाडी, कडकबाईंचा हप्ता

कडकबाईंनी आयुष्यात दुसऱ्याची वापरलेली वस्तू कधी घेतली नव्हती. लहानपणी थोरल्या बहिणीचा आखूड झालेला झगा अंगात घालायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तोंड फुगवून घर डोक्यावर घेतलं होतं. त्यामुळे एका सकाळी त्यांच्या लॉन्ड्रीत, इस्त्रीचं टेबल आणि मळक्या कपड्यांची गाठोडी यांच्या मधोमध, समोरच्या टाकेबाईंची अर्धी फेडलेली मोटरसायकल येऊन उभी राहिली, तशी गल्लीने हातातली कामं सोडली. वाकून बघणाऱ्यांना कडकबाईंनी एकच सांगितलं, की गाडी त्यांनी घेतली आहे, आणि ज्यांना कपडे टाकायचे नसतील त्यांनी उजेड अडवू नये.

कडकबाई हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हे. त्या कॉलरला अशी खळ घालायच्या, की माणसाला मान वळवायची तर अख्खं वळावं लागे. जिभेला तर खळ घालायचीही गरज नव्हती. गल्लीने मागून ठेवलेलं नाव त्यांनी पदवीसारखं मिरवलं. समोर शिवणकाम करायच्या त्या टाकेबाई. दोघींची दुकानं समोरासमोर, दोघींचे नवरे एकापाठोपाठ गेलेले, आणि वीसेक वर्षं रोजचं भांडण ठरलेलं. टाकेबाई म्हणायच्या, तू माझे टाके इस्त्रीने जाळतेस. कडकबाई म्हणायच्या, तुझे टाके मुळात इतके कच्चे, की वाफ बघूनच जीव सोडतात. गिऱ्हाईक मध्ये उभं राहून ऐकायचं आणि दोघींनाही पैसे देऊन जायचं.

पन्नाशी उलटल्यावर टाकेबाईंनी कर्ज काढून मोटरसायकल घेतली. दवाखान्याचे आणि शाळांचे गणवेश शिवून पोचवायचे, तर भाड्याच्या गाडीवाल्याचे नखरे किती दिवस काढायचे, असं त्यांचं म्हणणं. गल्ली हसली. सगळ्यात मोठ्याने कडकबाई हसल्या, आणि सगळ्यात आधी मागच्या सीटवर त्याच बसल्या. मग रोज संध्याकाळी दोघी माल पोचवायला निघायला लागल्या. पुढे टाकीवर गणवेशांचं गाठोडं, मध्ये टाकेबाई, मागे इस्त्रीचे कपडे मांडीवर घेतलेल्या कडकबाई. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून भांडण जरा वरच्या पट्टीत चाले. कोपऱ्यावरून त्या वळायच्या आधी त्यांचा आवाज वळायचा.

टाकेबाई एक ना एक दिवस गाडीवरून पडणार, हे सगळ्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्या पडल्याही, पण दुकानातल्या स्टुलावरून, वरच्या फळीवरचा रिळांचा डबा काढताना. मनगट मोडलं. 'तरी सांगत होतो' म्हणायला टपून बसलेल्यांची पंचाईत झाली, कारण स्टुलावर चढू नका असं कुणी सांगितलंच नव्हतं.

हात प्लास्टरमध्ये गेला, शिलाई मशीन बंद पडलं, गाडी भिंतीला टेकली. हप्ते मात्र कुणाच्या मनगटासाठी थांबत नाहीत. ते चुकले, तसा कर्जवाल्या कंपनीचा वसुलीवाला येऊन गेला. फार गोड बोलला. इतका गोड, की पुढच्या खेपेला गाडी उचलूनच नेणार, हे टाकेबाईंना न सांगता कळलं. दुसऱ्या शहरात राहणारा त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, की जाऊ दे ती गाडी, जाऊ दे ते दुकान, आता माझ्याकडे येऊन आराम कर. हे सगळं टाकेबाईंनी कडकबाईंना सांगितलं ते कात्र्या जुन्या कापडात गुंडाळता गुंडाळता. एका हाताने जमेना, म्हणून कडकबाईंनी कापडाचं दुसरं टोक धरलं होतं. आपण कशाला हातभार लावतोय हे ध्यानात आलं, तसं त्यांनी ते टोक सोडून दिलं.

त्या दिवशी कडकबाईंनी एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा ठसा उठवला. समोरचं दुकान रिकामं झालं तर तिथे कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकायला बसणार. मग संध्याकाळी काय त्या कव्हरांशी भांडायचं? पण 'जाऊ नकोस' एवढंसं बोलणं त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्यांनी आजवर कुणालाच थांब म्हटलं नव्हतं. जाणाऱ्याला त्या स्वतः दार उघडून देत, आणि मग ते जरा जोरात लावत.

दुसऱ्या दिवशी त्या समोर गेल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या. "गाडी मी घेतली. राहिलेले हप्ते माझे, विम्याचे पैसेही माझे. तू हो म्हण आणि मोकळी हो."

टाकेबाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "तुला सायकल तरी येते का गं?"

"मला आलंच पाहिजे असं कुठे आहे? वाफेचं मशीनही मला येत नाही. लॉन्ड्री चालली ना?"

"भीक नकोय मला."

"तुला भीक घालायला माझ्याकडे पैसे उतू चाललेत का? सौदा करतेय मी. नव्या गाडीपेक्षा स्वस्तात पडतेय, म्हणून. उपकारच करायचे असते तर गल्लीवर केले असते, तुझं तोंड शिवून."

टाकेबाई हसल्या नाहीत, पण कात्र्यांचं गाठोडं त्यांनी पायाने बाजूला सारलं. कडकबाईंना तेवढं पुरलं.

कंपनीच्या कचेरीत दोघी सोबतच गेल्या. काचेपलीकडच्या कारकुनाने कडकबाईंना 'आजी' म्हटलं, आणि काम तिथेच थोडा वेळ अडलं. 'काकू' वर तडजोड झाल्यावर तो सांगू लागला, की कर्ज असं सहजी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. उत्पन्नाचे दाखले लागतील, जामीन लागेल, शिवाय वयाची अट आहे. वयाचं नाव निघताच कडकबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की त्याने ती अट कागदाखाली सरकवली. हप्ता कुणीही भरू शकतं, तो म्हणाला, पण गाडी, कर्ज आणि विमा सगळं ह्या दुसऱ्या काकूंच्याच नावावर राहणार. उद्या काही झालं तर विचारणा त्यांनाच होणार. तेव्हा त्या हाताशी असलेल्या बऱ्या.

दुसरं कुणी असतं तर कपाळाला हात लावला असता. कडकबाईंचा चेहरा उजळला.

"म्हणजे हिने गाव सोडून जायचं नाही?"

तसं काही नाही, कारकून म्हणाला, पण गेल्या तर जरा अडचणीचं होईल.

"हे जरा मोठ्याने सांग. हिला कमी ऐकू येतं."

टाकेबाईंना गल्लीच्या दुसऱ्या टोकाची कुजबुज ऐकू यायची. तरी कारकुनाकडून कडकबाईंनी ते तीनदा वदवून घेतलं.

विम्याचं काम शेजारच्याच टेबलावर होतं. मुदत संपत आली होती. विमावाल्याने हिशेब करून सांगितलं, की वर्षभरात अपघात नाही, भरपाई मागितलेली नाही, म्हणून सूट मिळेल. कडकबाई लगेच पुढे सरकल्या. पडली आहे ही, त्या म्हणाल्या, हे बघा प्लास्टर, ह्याचे काही मिळतील का? विमावाल्याने विचारलं, गाडीवरून पडल्या का? नाही, स्टुलावरून. मग स्टुलाचा विमा काढायला हवा होता, असं तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. गाडीवरून पडल्या असत्या तर सूटही गेली असती, असं त्याने वर सांगितलं, तेव्हा कडकबाई मैत्रिणीकडे वळून म्हणाल्या, की चला, उभ्या जन्मात एकदा तरी तू अक्कल लावून पडलीस. आणि खळीच्या वासाच्या पिशवीतून पैसे काढून त्यांनी पूर्ण वर्षाचा विमा भरला.

गाडी लॉन्ड्रीत आली, आणि आता अडचण आली ती खुणेची.

कडकबाई शाळेत फारशा टिकल्या नव्हत्या. गिऱ्हाइकांची नावं लिहीत बसण्यापेक्षा त्यांनी प्रत्येकाला एक खूण नेमून दिली होती. न जाणाऱ्या शाईने ती कापडाच्या चिंधीवर काढायची आणि कपड्याच्या आतून टाचायची. दाताच्या डॉक्टरची तीन टिंबं. शाळामास्तरांचा आकडा, माशाच्या गळासारखा. टाकेबाईंच्या दोन तिरक्या रेघा आणि मध्ये एक टिंब. खूण असलेली वस्तू ज्याची त्याला परत जाणार, धुऊन, इस्त्री होऊन, मग मालक वर्षांनी का येईना. वरच्या खुंटीवर कुणा विसरभोळ्याचा कोट कधीपासून लटकत होता, तोही त्या अधूनमधून झटकून ठेवत. घरच्या कपड्यांना मात्र खूण नसे. बिनखुणेचं ते आपलं, हा लॉन्ड्रीचा कायदा.

गाडी आपली झाली, तर खूण घालायचं कारण नव्हतं. कडकबाईंनी जुन्या चादरीचं सीटला कव्हर शिवायला घेतलं. शिवून झाल्यावर बराच वेळ हातात धरून बसल्या. मग शाईची दौत उघडली, चिंधीवर दोन तिरक्या रेघा आणि मध्ये टिंब काढलं, आणि चिंधी कव्हरच्या आतल्या अंगाला टाचली. त्यांची सून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने बघितलं आणि विचारलं, "आई, गाडी आपली ना?"

"घड्या बघ. कोपरे जुळत नाहीयेत."

आता गाडी चालवणार कोण? कडकबाईंचा मुलगा लहानपणी सायकलवरून गटारात पडल्यापासून दोन चाकांच्या वाटेला जात नव्हता. उरली सून. कडकबाईंच्या लेखी सून म्हणजे वेंधळेपणाचा कळस. तिच्या हातून बटणं तुटत, चहा सांडे, दारं उघडी राहत. तिला गाडी शिकवायची म्हणजे चालवता येणारं माणूस हवं. ते गल्लीत एकच होतं, आणि त्याचा हात गळ्यात अडकवलेला होता. टाकेबाईंनी मुलाला फोन करून कळवलं, की गाडी ज्यांनी घेतली त्यांना ती चालवता तरी यायला हवी, तेवढं शिकवून येते.

रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा गल्लीमागच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू झाली. सुनेने शिकाऊ परवाना काढला, नवऱ्याची जाडी पॅंट चढवली, आणि टाकेबाई चांगला हात हवेत फिरवत ओरडू लागल्या, की क्लच सोड, हळू सोड, अगं हळू, कोंबडीचं पिल्लू सोडतात तसं. कडकबाई कडेला उलट्या बादलीवर बसून दोघींच्याही चुका काढत.

आणि मग घात झाला. आठवडा व्हायच्या आत सून गाडी शिकली. नुसती शिकली नाही, तिला ती आवडली. भाजीच्या पिशव्या अडकवून, एका पायावर गाडी तोलून, अरुंद बोळात वळवण्यापर्यंत तिची मजल गेली. सकाळी बाजारात जाताना कडकबाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि त्या भाजी न घेताच परत फिरल्या. सून शिकली म्हणजे शिकवणी संपली, आणि शिकवणी संपली म्हणजे कात्र्यांचं गाठोडं पुन्हा टेबलावर आलं.

त्यांनी सुनेला मशीनमागे बोलावून बजावलं, की टाकेमावशीसमोर तुला गाडी येत नाही.

"म्हणजे काय करू, आई?"

"रोज घरात करतेस तेच. वेंधळेपणा कर."

इतकी वर्षं सुनेने ज्यासाठी बोलणी खाल्ली, तेच आता सासूबाई करायला सांगत होत्या. त्या दुपारपासून तिने असा काही वेंधळेपणा केला, की बघत राहावं. किक मारताना पाय हवेतच राहायचा. पुढे जायचं तर गाडी जागच्या जागी उसळून बंद पडायची. एकदा तर ती हॉर्न वाजवायला गेली आणि दिवा लावून घाबरली. टाकेबाई हवालदिल झाल्या. क्लचची तारच बिघडली असावी म्हणून त्यांनी ती मेकॅनिककडून बदलून घेतली. मुलाचा फोन आला की त्या सांगायच्या, अजून नाही रे, पोरीला देवाने हातपाय दिलेत पण एकमेकांची ओळख करून दिलेली नाही. कडकबाई बादलीवर बसून सुनेला शिव्या घालायच्या आणि घरी आल्यावर तिच्या चहात आपल्या हाताने साखर जास्त घालायच्या.

असं करता करता प्लास्टर निघालं. मुलाला तेवढंच निमित्त हवं होतं. तो आईला न विचारता सामानाचा टेम्पो भाड्याने घेऊन सकाळीच गल्लीत हजर झाला. चांगला मुलगा, आईवर जीव असलेला. पण घाईत. मशीन उचलायला टेम्पोवाला खाली उतरलाही, आणि बघतो तर दुकानाच्या दारातच मोटरसायकल आडवी. टाकेबाईंचं दुकान उघडायच्या आत सुनेने बाजारातून येऊन गडबडीत तिथेच लावली होती.

कुणीतरी ओरडलं, गाडी बाजूला घ्या. सून इस्त्रीच्या ढिगातून धावत आली. काय सोंग करायचं ठरलंय ते गडबडीत विसरली. सीटचं कव्हर वेगात घसरतं म्हणून ती रोज बाजारात जाताना काढून ठेवायची आणि आल्यावर पुन्हा चढवायची, तसंच तिने ते उपसलं आणि जे कुणी जवळ उभं होतं त्याच्या हातात दिलं. एका किकेत गाडी सुरू केली, एक पाय टेकवून टेम्पो आणि भिंतीच्या मधून अल्लद वळवली, आणि लॉन्ड्रीच्या पायरीशी भिंतीला समांतर अशी लावली, जशी कपाटात घडी ठेवावी. मग तिने मान वर केली आणि जीभ चावली.

जवळ उभ्या होत्या त्या टाकेबाई. कव्हर त्यांच्या हातात. त्यांनी ते सवयीने उलटं केलं. शिवणारं माणूस वस्तू आधी आतून बघतं.

"ही खूण माझी आहे," त्या म्हणाल्या.

कडकबाईंनी सांगायला सुरुवात केली, की दौतीत शाई कमी होती, हात चुकला असेल, चादर जुनी होती.

"तुझा हात चुकत नाही. तीस चादरींत डोळे मिटून तू एकाची चादर दुसऱ्याला देत नाहीस." टाकेबाईंचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "गाडी घेतलीच नव्हतीस तू. हप्ते तुझे, विमा तुझा, आणि गाडी माझी. वर ह्या पोरीला आंधळी कोशिंबीर खेळायला लावलीस. भीक नको म्हणाले होते ना मी?"

गल्ली दारादारांत उभी होती. टाकेबाईंचा मुलगा घड्याळ बघायचं विसरला. कडकबाईंनी गल्लीकडे पाठ केली.

"भीक घालत नव्हते गं," त्या शेवटी म्हणाल्या. "मागत होते."

त्यांनी पायरीशी लावलेल्या गाडीकडे मान उडवली.

"सून गाडी छान चालवते. पण तिच्या मागे बसून भांडता येत नाही. मी काही म्हटलं की ती म्हणते, बरं आई. डावीकडे घे, बरं आई. उजवीकडे का नाही घेतलंस, बरं आई. माणूस खुळं होईल अशाने." कडकबाईंनी पदर नसलेल्या खांद्यावरचा इस्त्रीचा फडका उगाच सारखा केला. "जाऊ नकोस."

एवढंसं बोलून त्या अशा दमल्या, की लॉन्ड्रीच्या पायरीवर बसल्याच.

टाकेबाईंनी चष्मा नीट केला आणि कव्हर डोळ्यांजवळ नेलं. "हे टाके आहेत?" त्या म्हणाल्या. "हे टाके म्हणायचे? मुंग्या चालत गेल्यात कापडावरून. मी गेले तर एक चिंधी धड शिवणारं माणूस उरणार नाही ह्या गल्लीत." मग त्यांनी मुलाला सुई-दोऱ्याचा डबा आणायला सांगितला. कुठला, तो म्हणाला, तो तर मी आता टेम्पोत ठेवला. मग उतरव, त्या म्हणाल्या.

त्या कडकबाईंच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि खुणेची चिंधी उसवून पुन्हा टाचली. नंतर एक कोरी चिंधी कापली आणि तिच्याच शेजारी टाचली. मनगटात अजून जोर नव्हता. टाके वाकडे आले.

"ही कसली?" कडकबाईंनी विचारलं.

"बिनखुणेची कुणाची असते तुझ्या दुकानात?"

कडकबाईंनी नाक ओढलं, आणि दुसऱ्या चिंधीचे टाके पहिल्यापेक्षाही वाकडे असल्याचं दाखवून दिलं. टाकेबाई म्हणाल्या, की हप्ता यापुढे निम्मा-निम्मा, आणि तू भरलेले मी शिवून फेडीन. कडकबाई म्हणाल्या, की असले टाके घेऊन मी काय करू, त्यापेक्षा रोख दे. मुलगा बिचारा मध्ये उभा होता. टेम्पोचं भाडं दिलंच आहे, तर दवाखान्याच्या चादरींची गाठोडी पोचवून ये, असं दोघींनी त्याला एकदमच सांगितलं, आणि एकदम बोलल्याबद्दल एकमेकींवर डोळे वटारले.

"आणि विमा कुणी भरायचा?" सुनेने कव्हर सीटवर चढवता चढवता विचारलं.

"विम्याला अजून जवळजवळ वर्ष आहे," टाकेबाई म्हणाल्या. "तोवर भांडू."